नव्या चेनचा झटका: एका हायब्रिड सायकलचं प्रकरण

भाचीचा फोन आला तो सायकलचा निरोप घेतल्यासारखा. "मामा, ही मी विकून टाकतेय. रोड बाइक घेणार. विकायच्या आधी तू एकदा बघून घे, घेणाऱ्याला फसवल्यासारखं नको व्हायला."

सायकल ओळखीचीच होती. निवडताना मीच सोबत होतो. ॲल्युमिनियमची फ्रेम, ७०० सी चाकं, पुढच्या चिमट्याला ६३ मिलिमीटरचं सस्पेन्शन, रिमला दोन हातांनी पकडणारे व्ही-ब्रेक, पुढे ४८-३८-२८ अशा तीन रिंगा आणि मागे ११ ते ३२ दात्यांची आठ चकत्यांची कॅसेट. म्हणजे अगदी नमुनेदार हायब्रिड: रोड बाइकची चाकं, माउंटन बाइकचं सरळ हँडल, दोन्हींचे थोडे गुण आणि दोन्हींचे थोडे दोष. वय पाच वर्षं, मीटरवर ६,४१२ किलोमीटर.

तक्रारी चार. जोर दिला की चेन झटका देते. सायकल जड चालते, "मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी". तासाभराने हाताची बोटं बधिर होतात. आणि खालून कुठून तरी किर्र किर्र असा आवाज येतो. चारींची कारणं वेगवेगळी निघाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिने चारींवर मिळून एकच औषध ठरवलं होतं: नवी सायकल.

झटका

हकिकत अशी. दोन महिन्यांपूर्वी चेन फार खरखरते म्हणून तिने दुकानात नेऊन ती बदलून घेतली. जुन्या चेनला खरखर होती, पण झटके नव्हते. नवी चेन बसली आणि त्याच दिवसापासून झटके सुरू झाले. दुकानदाराने तीनदा "गिअर सेटिंग" करून दिलं. फरक शून्य.

मी स्वतः एक चक्कर मारली. सपाटीवर काही नाही. छोट्या चढावर उभा राहून पायडल दाबलं, कडाक् असा आवाज आला आणि पाय एकदम हवेत दाबल्यासारखा खाली गेला. गुडघा हँडलवर आपटता आपटता वाचला. हा प्रकार रहदारीत झाला तर माणूस सरळ वरच्या दांडीवर बसतो. त्यामुळे सायकल विकायची असो वा ठेवायची, आधी हे निस्तरणं भाग होतं.

इथे माझी पहिली चूक. मागून बघितलं तर डिरेल्युअरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेचा, पिंजरा चाकाकडे किंचित झुकलेला. ती एकदा उजव्या कुशीवर पडली होती, हेही तिने कबूल केलं. झालं, मला वाटलं सापडलं. डिरेल्युअर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो हँगर मऊ असतो. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दामच वाकण्यासाठी केलेला असतो. हँगर गेज म्हणजे एक लांब दांडी. ती त्या आट्यांत बसवायची आणि वर, खाली, पुढे, मागे अशी फिरवत रिमपासूनचं अंतर सगळीकडे सारखं येतंय का ते बघायचं. इथे वर आणि खाली यांत ८ मिलिमीटरचा फरक होता. हळूहळू वाकवत तो दोनच्या आत आणला. सोबत गिअरची केबल आणि आवरणही बदललं, कारण मागच्या डिरेल्युअरशी जो शेवटचा वळसा असतो त्यात चिखल जाऊन केबल गंजली होती. संध्याकाळ त्यात गेली. गिअर लोण्यासारखे पडायला लागले. पुन्हा चढावर गेलो, उभा राहिलो, आणि कडाक्.

दुखणं खरं, इलाजही बरोबर, पण तक्रार त्या दुखण्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी हत्यारांना हात न लावता कागद-पेन्सिल घेतली. पुढे मधली ३८ ची रिंग कायम ठेवून मागच्या आठही चकत्यांवर एकेक करून त्याच चढावर जोर लावला. ११, १३: ठीक. १५: झटका. १८: झटका. २१ पासून ३२ पर्यंत: काही नाही. पाचेक मिनिटांच्या या कामाने आदल्या संध्याकाळची सगळी मेहनत उघडी पाडली.

कारण झटक्याचीही भाषा असते. सेटिंग बिघडलं असेल तर त्रास सहसा दोन चकत्यांपुरता राहत नाही, आणि चेन शेजारच्या चकतीकडे जायला बघत खडखडते. चेनची एखादी कडी आखडली असेल तर झटका ठरावीक तालात येतो: ११२ कड्यांची चेन आणि ३८ ची रिंग, म्हणजे पायडलच्या साधारण दर तिसऱ्या फेऱ्याला एकदा, आणि कुठल्याही गिअरमध्ये. मागच्या हबमधला फ्रीहब (पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग) दगा देत असेल तर पायडल सुटतं, पण तेही सगळ्याच चकत्यांवर. फक्त दोन शेजारच्या चकत्या, आणि फक्त जोर दिल्यावर? मग त्या दोन चकत्या झिजल्यात.

पण झिजल्यात, तर जुन्या चेनवर झटका का येत नव्हता? या प्रकरणाची मेख इथेच आहे.

सुदैवाने दुकानदाराने जुनी चेन पिशवीत घालून परत दिली होती आणि भाचीने ती टाकली नव्हती. दोन खिळे ठोकून जुनी आणि तेवढ्याच कड्यांची नवी चेन शेजारी शेजारी टांगली. जुनी जवळजवळ दोन सेंटिमीटर खाली लोंबत होती. भाची बघतच राहिली. "ताणली गेली?"

ताणली नव्हती, पोलाद असं ताणलं जात नाही. १८८० मध्ये इंग्लंडमध्ये हान्स रेनॉल्डने बुश रोलर चेन काढली, तेव्हापासून चेनचं तत्त्व तेच आहे: पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या पिना आणि पिनांभोवती फिरणारे रोलर. कडी रिंगेवर वळताना पिन आतल्या आत घासते. त्यात धूळ मिसळली की तेलच खरवडायला लागतं. पिन आणि तिचं भोक दोन्ही झिजतात, आणि एका पिनेपासून दुसरीपर्यंतचं अंतर वाढतं. नव्या चेनमध्ये ते नेमकं अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. २४ अंतरं मोजली की १२ इंच, ३०४.८ मिलिमीटर. जुन्या चेनवर पोलादी पट्टी लावली तर तेवढ्यालाच ३०९ भरलं. म्हणजे दर कडीमागे जेमतेम ०.१७५ मिलिमीटर झीज, डोळ्याला दिसणारही नाही अशी. टक्केवारीत १.४ च्या जवळ. आठ गिअरची चेन पाऊण टक्क्याला, म्हणजे ३०७ ला, बदलायची असते.

आता कॅसेटकडे. चेन लांबत गेली तसे तिचे रोलर दात्याच्या मुळाशी न बसता थोडे वर बसायला लागले, आणि तिथेच दाता खात राहिले. हळूहळू दात्यांमधली खोबण एका बाजूला ओढली गेली आणि दाता आकड्यासारखा दिसू लागला. जुनी चेन आणि जुनी कॅसेट एकमेकींबरोबर झिजत होत्या, म्हणून त्यांचं जमत होतं. जुन्या संसारासारखं: दोघांनाही खोडी, पण खोडीला खोडी बसलेली. त्यात नवी चेन आली, सरळ, नेमक्या मापाची. तिचे रोलर त्या ओढलेल्या खोबणीत तळाशी बसेनात. भार सगळ्या दात्यांवर वाटला न जाता एकदोघांवर पडला, आणि जोर वाढला की चेन चढून पुढच्या दात्यावर आदळू लागली. तोच तो कडाक्.

आणि १५-१८ च का? कारण भाची बहुतेक वेळ त्याच दोन चकत्यांवर असते. ३८ ला १५ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला साधारण साडेपाच मीटर. मिनिटाला ७५ फेरे धरले तर ताशी पंचवीसच्या आसपास. १८ ला वीस-एकवीस. तिचा नेहमीचा वेग हाच. बाकीच्या सहा चकत्या जवळपास कोऱ्या होत्या. नखाने चाचपून बघितलं तर १३ चा दाता दोन्ही बाजूंनी सारखा लागत होता. १५ च्या दात्याच्या टोकाशी नख अडकत होतं.

उपाय मग सोपा होता: तशीच ११-३२ ची नवी कॅसेट. नवी चेन ठेवली. पुढच्या रिंगेवर चेन बोटाने पुढे ओढून बघितली, दाता फारसा उघडा पडत नव्हता, म्हणून रिंगही ठेवली. कॅसेट काढायला चकत्या धरून ठेवणारी चेन व्हिप, चकत्या जागेवर आवळणाऱ्या लॉकरिंगचं टूल आणि लांब दांड्याचा पाना लागतो. बसवताना चकत्या एकाच तऱ्हेने बसतात, कारण हबवरची एक खाच इतरांपेक्षा अरुंद असते. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही, सायकलमध्ये असं सुख विरळा. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळायची. टॉर्क पाना नसेल तर २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण १६ किलोचा जोर. शेवटी कटकट आवाज येतो, तो लॉकरिंगच्या खाचांचा, घाबरायचं कारण नाही.

हे वाचून कुणी स्वतः करायला जाणार असेल तर एक बघून घ्या. सहा-सात गिअरच्या अनेक सायकलींना कॅसेट नसते, आट्यांवर बसणारं फ्रीव्हील असतं, आणि त्याचं टूल वेगळं. ओळखायची खूण अशी: चाक धरून चकत्या उलट फिरवा. मधली खाचांची रिंग चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट, ती जागेवर राहिली तर फ्रीव्हील.

एक पंथ असाही आहे की चेन मोजायचीच नाही. चेन, कॅसेट, रिंगा सगळं मिळून झिजू द्यायचं आणि एकदमच फेकायचं. आठ गिअरच्या साध्या पोलादी सामानाला हा हिशोब अगदीच वेडगळ नाही. पण मग अर्ध्या वाटेवर नुसती चेन बदलायची नाही. दुकानदाराने नेमकं तेच केलं होतं. एकदा कॅसेटवर बोट फिरवलं असतं तर तीन सेटिंगं वाचली असती.

चेन एवढी झिजली कशी, हाही प्रश्न होताच. जवळपास सहा हजार किलोमीटरला एक चेन म्हणजे ती बरीच ओढली हे खरं, पण तिने तेल तरी काय घातलं होतं ते विचारलं. "स्प्रे मारायचे ना, दर रविवारी." डब्ल्यूडी-४०. वस्तू उत्तम आहे, पण तिच्या नावातच तिचं काम लिहिलंय: पाणी हटवण्याच्या मिश्रणाचा चाळिसावा प्रयत्न, १९५३ सालचा. तो नेहमीचा स्प्रे पातळ असतो. कडीतलं जुनं तेल सैल करतो, चेन झळकते, आवाज थांबतो, आणि एक-दोन फेऱ्यांत पिना कोरड्या पडतात. दर रविवारी ती चेन धूत होती आणि तेल घातलं असं समजत होती. चेनला चेनचंच तेल लागतं. दर रोलरवर एक थेंब, पायडल उलटं फिरवत मुरू द्यायचं, आणि मग फडक्याने बाहेरचं सगळं पुसून काढायचं. लोक हे पुसणंच विसरतात. बाहेर राहिलेलं तेल काही कामाचं नसतं, ते फक्त धूळ गोळा करतं.

हे शिकवताना मी तोऱ्यात बाटली जरा जास्तच दाबली आणि मागच्या रिमवर दोन थेंब उडाले. मागच्या ब्रेकला जी किंकाळी फुटली ती ऐकून भाची म्हणाली, "हा नवीन आवाज माझ्या यादीत नव्हता." रिम स्पिरिटने पुसली, ब्रेक शूचा वरचा थर पॉलिश पेपरने घासला, मग गप्प झाला.

जड चालते म्हणजे काय

"जड" हा शब्द मला आवडत नाही, कारण तो वजनावर ढकलता येतो आणि माणूस हलकी सायकल शोधायला लागतो. आधी मोजायचं ठरवलं. एक लांब, हलका उतार निवडला. एका खुणेपासून तिने पायडल न मारता सायकल सोडायची, थांबेल तिथपर्यंत मी पावलं मोजायची. तीनदा करून सरासरी ९६ पावलं.

मग चाकं उचलून फिरवली. पुढचं खुशाल फिरत राहिलं. मागचं चार फेऱ्यांत थांबलं आणि दर फेऱ्याला एका ठिकाणी शू घासल्याचा शुक्क आवाज. चाकाला दोनेक मिलिमीटरचा आऊट, म्हणजे रिमचा डावा-उजवा डोल होता, आणि व्ही-ब्रेकचा एक हात रिमला चिकटून होता. आऊट काढणं हे धीराचं काम आहे. रिम उजवीकडे आलीय तर तिथल्या डाव्या बाजूच्या तारा पाव फेरा आवळायच्या, उजव्या पाव फेरा सैल करायच्या, चाक फिरवून बघायचं आणि पुन्हा तेच. अर्धा फेरा मारायचा मोह होतो, तो टाळायचा. ब्रेकच्या दोन्ही हातांना खाली एकेक स्प्रिंगचा स्क्रू असतो. ज्या बाजूचा शू चिकटतोय तिथला थोडा आवळला की तो हात मागे सरतो. भाचीला हा स्क्रू पाच वर्षांत ठाऊकच नव्हता. तिचा दोष नाही. तो इतका बारीक आणि कडेला असतो की मुद्दाम लपवल्यासारखा वाटतो.

हवा बघितली: मागे ३० पीएसआय. तिच्या बोटांना ती "ठीक" लागत होती. बोट दाबून हवा बघणं म्हणजे कपाळाला हात लावून ताप मोजणं. टायर अगदी पिलपिला असेल तर कळतं, ३० आणि ५० मधला फरक कळत नाही. मीटरचा उभा पंप घेतला. तिचं वजन, सायकलचं वजन आणि टायरची रुंदी बघून मागे ५५, पुढे ४५ ठेवली. टायरच्या कडेला लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरलीच पाहिजे असा हुकूम नसतो. तेवढी भरली तर सायकल पळते कमी आणि उडते जास्त.

तरीही टायर बदललेच. मूळचे ३८-६२२ मापाचे, गुठळ्यांच्या नक्षीचे होते, कडांना भेगा पडल्या होत्या. ती डांबरी रस्ता सोडून कधी जात नाही, मग त्या गुठळ्या सहा हजार किलोमीटर कशाला फिरवल्या? त्याजागी ३५-६२२, जवळपास गुळगुळीत, आत पंक्चररोधक पट्टा असलेले. ६२२ हा आकडा महत्त्वाचा, तो रिमच्या बैठकीचा व्यास. ७०० सी, बरेच २८ इंची आणि २९ इंची म्हणवणारे, सगळे आत ६२२ च असतात. टायर विकत घेताना इंच विसरून हा आकडा वाचावा. मीटरमध्ये चाकाचा परीघ २१८० चा २१६८ केला, नाहीतर वेग उगाच जास्त दाखवला असता.

पुन्हा तोच उतार. १३१ पावलं.

यातला किती वाटा हवेचा, किती शूचा आणि किती टायरचा, ते मी वेगळं मोजलं नाही. मोजायला हवं होतं. पण भाची तिसऱ्यांदा सायकल सोडून खुणेच्या पुढे पुढे जात राहिली तेव्हा तिचा चेहरा बघून माझ्यातला परीक्षक ढिला पडला.

बोटं

बधिर कोणती होतात, हे विचारलं तर तिने करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दाखवलं. ही खूण स्पष्ट आहे. त्या दोन बोटांची अल्नर नस तळहाताच्या बाहेरच्या बाजूने जाते, आणि सरळ हँडलवर नेमका तिथेच भार येतो. हायब्रिडचं हे जन्मजात दुखणं: हात ठेवायला एकच जागा. रोड बाइकच्या वाकड्या हँडलवर तीन-चार जागा मिळतात.

पण भार एवढा का येतो, याचं उत्तर हातात नाही, बैठकीत मिळालं. सीटचं नाक खाली झुकलेलं होतं. दुखतं म्हणून तिनेच झुकवलेलं. त्यामुळे ती सतत पुढे घसरत होती आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत होती. सीट दुखत होती ती मुळात खाली होती म्हणून. खाली सीट म्हणजे पायांवर भार कमी, बुडावर जास्त. भिंतीला टेकून, जांघेत पुस्तक दाबून तिच्या पायाची आतली लांबी मोजली: ७८ सेंटिमीटर. त्याला ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या (पायडल ज्याला लागतात त्या दांड्याच्या) मध्यापासून सीटच्या वरपर्यंतची उंची येते, ६८.९. तिची होती ६५.५. हे गुणोत्तर काही वेदवाक्य नाही, पण साडेतीन सेंटिमीटरची तफावत त्याच्या चुकीत बसत नाही. एकदम नाही, आठवड्याला एक सेंटिमीटर अशी वाढवली. सीटच्या दांडीवरची किमान खोलीची रेघ बाहेर येत नाही ना, तेही बघितलं. सीट सपाट केली. ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवले, म्हणजे मनगट सरळ राहील. आणि गोल ग्रिप काढून तळव्याला आधार देणाऱ्या पसरट ग्रिप लावल्या, टोकाला छोट्या शिंगांसह.

या सगळ्यात विकत घेतलेली वस्तू एकच, ग्रिप. मला विचाराल तर हायब्रिडच्या अपग्रेडमध्ये टायर आणि ग्रिप या दोन गोष्टींइतकं मोल दुसऱ्या कशालाच नाही.

काय केलं नाही

भाचीची यादी वेगळी होती. पुढचं सस्पेन्शन काढून साधा कडक चिमटा. तीन रिंगांच्या जागी एकच. आणि कुठेतरी व्हिडिओत बघितलेलं, रोड बाइकचं वाकडं हँडल.

पहिल्यावर मी बराच विचार केला. या प्रकारचं सस्पेन्शन दोन किलोच्या वर भरतं, उभं राहून चढ चढताना डुलतं आणि डांबरी रस्त्यावर फार काही देत नाही. कडक चिमट्याने किलोभर तरी वजन उतरलं असतं. पण चिमटा फ्रेममध्ये नुसता बसला म्हणजे पुरत नाही. चाकाच्या ॲक्सलपासून वरच्या मुकुटापर्यंतची लांबी जुन्या चिमट्याएवढी हवी. दोन सेंटिमीटर कमी पडली तर हेड ट्यूबचा (फ्रेमच्या पुढच्या नळीचा) कोन अंशभर उभा होतो, हँडल चळवळं होतं आणि पायडल जमिनीच्या जवळ येतात. वर त्याला व्ही-ब्रेकचे खुंट हवेत. असा चिमटा मिळतो, फक्त शोधावा लागतो. तो पुढच्या वर्षावर ढकलला.

एक रिंग करायला तिच्या क्रँकच्या रिंगा सुट्या निघत नाहीत, रिव्हेट केलेल्या आहेत. म्हणजे क्रँक नवा, आणि चढावरची कसर भरायला मागे आणखी मोठी कॅसेट, तिला झेपणारा डिरेल्युअर. एवढं करून मिळणार काय, तर एक लिव्हर कमी. ४८ ची रिंग ती वापरत नाही तर न वापरो, ती काही खायला मागत नाही.

वाकड्या हँडलला मात्र मी सरळ नाही म्हटलं. व्ही-ब्रेकला केबल जास्त ओढावी लागते. रोड बाइकचे बहुतेक ब्रेक लिव्हर तेवढी ओढत नाहीत, त्यामुळे लिव्हर हँडलला टेकतो आणि सायकल थांबत नाही. शिफ्टर बदलायचे, आणि हायब्रिडची फ्रेम मुळात सरळ हँडलसाठी लांब असते, त्यावर वाकडं हँडल लावलं की हात आणखी सेंटिमीटरभर नव्हे, चांगलेच पुढे जातात. ज्याला रोड बाइक हवी त्याने रोड बाइक घ्यावी. हायब्रिडला तिचं सोंग घ्यायला लावू नये.

किर्र किर्रचं फार सांगण्यासारखं नाही. आवाज खालून येतो म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमधून येतो असं सगळे धरून चालतात. मी आधी स्वस्तातलं तपासलं: पायडल काढले, आटे ठणठणीत कोरडे. ग्रीस लावून परत बसवले, आवाज गेला. पायडल काढताना भाचीने डाव्या पायडलशी दहा मिनिटं कुस्ती केली, कारण त्याचे आटे उलटे असतात. मी सांगितलं नव्हतं. काही गोष्टी पान्यानेच शिकलेल्या बऱ्या.

तीन महिन्यांनी

सायकल विकली गेली नाही. रोड बाइकही रद्द झालेली नाही, तिच्यासाठी पैसे साठवणं चालू आहे. पण आता भाची म्हणते की हिला ती पावसाळ्यासाठी आणि मैत्रिणींबरोबरच्या आळशी फेऱ्यांसाठी ठेवणार. गेल्या महिन्यात ती एका दिवसात ७० किलोमीटर फिरून आली, मध्ये दोनदा तळ्याकाठी बसून. हात कसे होते म्हणून विचारलं तर क्षणभर कळलंच नाही तिला मी कशाबद्दल बोलतोय.

पोलादी पट्टी ती माझ्याकडून घेऊन गेली. दर ५०० किलोमीटरला चेन मोजते आणि मला नुसता आकडा पाठवते. शेवटचा आला तेव्हा मीटरवर ७,५६० होते आणि पट्टीवर ३०५ च्या किंचित पुढे. पुढचा निरोप आकड्याचा नव्हता. क्रँक धरून आडवा हलवला तर खेळ लागतोय. आता खरोखरच बेअरिंग गेलं होतं, पाच वर्षांचं. तिने क्रँक काढायचा पुलर मिळवला, नवं कार्ट्रिज (बंद डबीतलं बेअरिंग) आणलं, मापाची खात्रीही करून घेतली. रविवारी सकाळी फोन.

"मामा, बेअरिंगचा डावा कप निघाला. उजवा जितका सोडवावा तितका घट्टच होतोय."

"मग दुसरीकडे फिरव."

पलीकडे थोडी शांतता, मग पाना खाली ठेवल्याचा आवाज. "हे पण उलटं?"